शिलाहारांचा घोडा

दगड धाकट्या पातीच्या बांधावर आणि नारळ मात्र थोरल्या पातीच्या हातात, हा कोळेखिंडीतला अन्याय नक्की कुठल्या पिढीपासून चालत आला होता हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. पण तो आपल्या हयातीत मिटवायचा, हे निवृत्त सुभेदार बाळासो शेलार यांनी पक्कं केलं होतं.

कोळेखिंडी म्हणजे उंब्रजहून आत गेलं की डोंगराला टेकून बसलेलं गाव. चैत्रात कोळेश्वराची यात्रा भरते. पूर्वी यात्रेला माणसं बैलगाडीनं यायची, गाडीखाली कंदील हलत असायचा आणि खिंड दिसली की माहेरवाशिणी डोळ्याला पदर लावायच्या. आता त्या चारचाकीतून येतात आणि खिंडीत मोबाइलची रेंज जाते म्हणून डोळ्याला पदर लावतात. पण पालखीचा रस्ता बदललेला नाही. ती देवळातून निघते, शिवाराला वळसा घालते आणि ओढ्याच्या अलीकडं एका उभ्या दगडापाशी थांबते. दगडाचं नाव घोडेराव. त्याच्यावर शेंदराचे इतके थर बसलेले होते की मूळ दगड केवढा आणि शेंदूर केवढा हे सांगणं अवघड. खालच्या बाजूला घोड्यासारखं काहीतरी वर आलेलं दिसायचं, म्हणून घोडेराव. नवी जोडपी लग्नानंतर देवदेव करायला निघाली की पहिलं त्याच्या पाया पडायची. नवऱ्या मुलींनी त्याच्यावर दूध घालायची पद्धत होती.

यात्रेचा पहिला नारळ या घोडेरावापुढं फुटतो आणि तो फोडायचा मान शेलारांच्या थोरल्या पातीचा, म्हणजे थोरल्या भावाच्या वंशाचा. वाटण्या झाल्या तेव्हा ओढ्याकडचं रान धाकट्या पातीला, म्हणजे बाळासोंच्या कुठल्याशा पूर्वजाला मिळालं, त्याबरोबर घोडेरावही मिळाला. मान काही सातबाऱ्यावर नसतो. तो थोरल्यांकडंच राहिला. दरसाल बाळासोंचे चुलतभाऊ कृष्णातअण्णा कोट-फेटा घालून बाळासोंच्याच रानात येत, बाळासोंच्याच घोडेरावापुढं नारळ फोडत आणि मग खोबऱ्याचा तुकडा बाळासोंच्या हातावर ठेवत म्हणत, "घ्या सुभेदार. तुमी आलासा, बरं वाटलं."

आपल्याच रानात आपणच पाहुणे! फौजेत उमेदीची सगळी वर्षं रेशनच्या डेपोत काढलेल्या माणसाला हे सहन होणं शक्य नव्हतं. बाळासोंनी गोळी कधी झाडली नव्हती हे खरं, पण कर्नलसाहेबांच्या सह्या घ्यायला ते ताठ मानेनं गेले होते. मान म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर बाळासो पत्नी मंगलबाईंसह इस्लामपुरात राहत होते. मुलं पुण्याला. कॉलनीत सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा एक घोळका होता, त्यात धुळाप्पा पुकळे हे निवृत्त बँक अधिकारी होते. माणूस जतकडचा, मोकळा, आणि व्हॉट्सॲपवर आलेलं काहीही स्वतःपाशी ठेवून घ्यायचं नाही अशा दानशूर स्वभावाचा. त्यांनी एका सकाळी बाळासोंना निरोप पाठवला: शेलार म्हणजे मूळचे शिलाहार. कऱ्हाड, कोल्हापूर, पन्हाळा इथं राज्य केलेलं राजघराणं. खाली तीन तलवारी, एक सिंह आणि 'पुढे पाठवा'.

बाळासोंनी तो पुढं पाठवला नाही. ते खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. मग वाचनालयातून जाडजूड ग्रंथ आणले. गरुडाला नागाऐवजी स्वतःचा देह देणारा जीमूतवाहन हा या घराण्याचा आदिपुरुष. ध्वजावर सोन्याचा गरुड. तलाव बांधणारा गंडरादित्य. पन्हाळ्याचा दुसरा भोज. कऱ्हाडची राजकन्या चंद्रलेखा, जिच्या स्वयंवराला देशोदेशींचे राजे लोटले होते आणि जिनं चालुक्यांच्या विक्रमादित्याच्या गळ्यात माळ घातली. बाळासोंना रेशनच्या डेपोतली सगळी वर्षं एकदम फुकट गेल्यासारखी वाटली.

"मंगल," ते गंभीरपणे म्हणाले, "आपण राजे आहोत."

"बरं झालं," मंगलबाई म्हणाल्या. त्या शिराळ्याच्या. नागपंचमीच्या गावात वाढलेली बाई सहजासहजी दचकत नाही. "मग जाता जाता दळण घेऊन या, राजे. गिरणी बंद हुईल."

आठवड्याभरात फाटकावर पाटी आली: 'तगरपुरवराधीश्वर बाळासो शेलार'. ही शिलाहारांची मूळची पदवी होती, पण कॉलनीला ती नवीन. कुरिअरवाल्यानं दोन पार्सलं 'पत्ता सापडला नाही' म्हणून परत नेली, आणि समोरच्या बंगल्यातल्या बाईंनी मंगलबाईंना एकीकडं घेऊन विचारलं की सुभेदारांनी कुठल्या कंपनीची एजन्सी घेतली आणि आपल्याला काही सवलत मिळेल का. पाटीवर सोन्याचा गरुड हवा होता. पेंटर गुणी होता, पण त्याचं बहुतेक आयुष्य पोल्ट्री फार्मच्या पाट्या रंगवण्यात गेलेलं. गरुडाला तुरा आला. बाळासोंनी तो खरवडून काढायला लावला, तेव्हा मधूनच डोकं गेलं. बिनडोक गरुडापेक्षा तुऱ्याचा बरा, म्हणून पुन्हा तुरा रंगवून घेतला. त्यानंतर सकाळच्या घोळक्यात कुणीतरी अंड्याचा भाव विचारला. बाळासो महिनाभर दुसऱ्या रस्त्यानं फिरायला गेले.

पण हे सगळं किरकोळ. खरा बेत वेगळाच होता. घोडेराव म्हणजे घोड्यावर बसलेला कुणीतरी वीर, म्हणजे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या शूराचं स्मारक. आणि ते धाकट्या पातीच्या बांधावर असेल, तर तो शूर धाकट्या पातीचाच मूळपुरुष असणार, हे उघड होतं. तेव्हा दगडाशेजारी एक छोटी पाटी लावायची: 'शिलाहारकालीन वीरगळ. शेलार घराण्याच्या (धाकटी पाती) मूळपुरुषाचे स्मारक.' पाटी एकदा उभी राहिली की पुढच्या यात्रेत नारळ कुणाच्या हातात द्यायचा, हे सांगायची गरजच राहणार नव्हती. पत्र्याची एक पाटी आणि दोन लोखंडी खांब. एवढंसं काम.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवक म्हणाले, पाटीला हरकत नाही, पण दगड कुणाच्या मालकीचा ते आधी तलाठ्याकडून आणा. तलाठ्यांनी सातबारा काढला आणि बराच वेळ न्याहाळला. "सुभेदारसाहेब, इतर हक्कात विहीर लावता येते, बोअर लावता येतो, झाडंसुद्धा लावता येतात. दगडाला रकाना नाही."

"मग दगड नाहीच म्हणायचा का?"

"आहे की. पण कागदावर नाही. तुम्ही त्याला झाड म्हणून लावायला तयार असाल तर बघतो."

बाळासोंनी नकार दिला. राजघराण्याच्या मूळपुरुषाला झाड म्हणून नोंदवणं त्यांना पटेना. मग ते साताऱ्याला एका सरकारी कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, घोडेरावाचा फोटो पाहिला आणि विचारलं, "यात दगड कुठे आहे? हा तर नुसता शेंदूर दिसतोय." आधी शेंदूर निघायला हवा, मग तज्ज्ञानं दगड पाहायला हवा, मग पाटीचं बघू. तज्ज्ञ म्हणून त्यांनी कोल्हापूरच्या एका तरुण प्राध्यापक बाईंचं नाव लिहून दिलं: डॉक्टर क्रांती यादव.

नाव वाचून बाळासोंचा चेहरा उतरला. पन्हाळ्यावर भोजाचा पाडाव करून शिलाहारांचं राज्य कुणी बुडवलं? यादवांनी! बाईंना फोन लावला तेव्हा पहिल्याच वाक्यात ते म्हणाले, "जुनं काही मनात ठेवायचं नाही, असं मी ठरवलंय."

"काय ठेवायचं नाही, काका?"

"पन्हाळ्याचं."

क्रांतीबाई म्हणाल्या, "काका, माझे वडील एसटीत कंडक्टर होते. पन्हाळ्याची गाडी त्यांच्याकडे असायची, पण तिथं काही गैर केल्याचं मला माहीत नाही."

देवावरचा शेंदूर काढायचा म्हणजे देवाला विचारायला हवं. कौल लावायचा. देवळात पिंडीवर उजवीकडं एक फूल, डावीकडं एक फूल ओलं करून चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सकाळी फुलं चिकटवली. अख्खी भावकी येऊन बसली, कृष्णातअण्णा अगदी पुढं. बाळासो मनातल्या मनात उजव्या फुलाला ढोसत होते आणि कृष्णातअण्णा डाव्याला. फुलं कुणाचंच ऐकेनात. जेवणवेळ झाली. गुरव पेंगायला लागला. माणसं एकेक करून उठायला लागली, तेवढ्यात उदबत्तीचा धूर नाकात जाऊन कृष्णातअण्णांना अशी जोरदार शिंक आली की उजवं फूल टपकन खाली आलं.

"दिला! देवानं दिला!" बाळासो उडालेच.

"आवं, ती शिंक माजी हुती," कृष्णातअण्णा ओरडले.

"शिंक तुमची, कौल देवाचा," गुरव जांभई देत म्हणाला. त्याला भूक लागली होती. "थोरल्या पातीनंच पुढं होऊन दिला म्हणायचा. आता मोडता येत न्हाई."

शेंदूर कशानं काढायचा, यावर इस्लामपूरच्या कॉलनीत चार दिवस विचारमंथन झालं. धुळाप्पा म्हणाले रॉकेल. पण रॉकेल आता मिळतं कुठं? पूर्वी रेशनवर मिळायचं तेव्हा बायका त्याच्या वासानं दुकान ओळखायच्या. समोरच्या बंगल्यातल्या बाई म्हणाल्या चिंच आणि दही, त्यांचे देव कसे लखलखतात. त्यांचे यजमान म्हणाले सँडपेपर. मंगलबाई एवढंच म्हणाल्या, "तेलात कालवलेला शेंदूर हाय त्यो. कढत पाणी घाला, आपणहून सुटंल."

इतका सोपा उपाय शास्त्रीय असणं शक्यच नव्हतं. बाळासोंनी गाडीरंगवाल्याकडून थिनरचा डबा घेतला, पांढरा सफारी घातला आणि एकटेच घोडेरावापुढं उभे राहिले. थिनर ओतल्याबरोबर शेंदूर विरघळला, पण जायला जागा हवी म्हणून बाळासोंच्या अंगावर आला. पुसावा तितका पसरत गेला. हात, तोंड, मिशा, सफारी, बूट. ओढ्यावरून कृष्णातअण्णांच्या आई दगडाबाई येत होत्या. वय झालेलं, नजर मंद, पण पाय अजून रानात चालणारे. बांधावर डोक्यापासून पायापर्यंत शेंदरी मूर्ती उभी दिसताच त्यांनी टोपली खाली ठेवली आणि जमिनीला डोकं टेकलं.

"काकू, मी हाय, बाळासो!"

दगडाबाई उठल्या, डोळे बारीक करून बघितलं. "बाळ्या? मला वाटलं देव चालत आला. एवढी वाकले फुकट!"

ही गोष्ट गावात पोचवायला दगडाबाईंना घरी जावंच लागलं नाही, वाटेतच माणसं भेटत गेली. बाळासो तसेच शेंदरी रंगात मोटारसायकलवर इस्लामपूरला निघाले. वाटेत हायवेवर एका टपरीवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत आणि मुलीच्या लग्नाचं कधी जमेल ते विचारलं.

पुढच्या खेपेला मंगलबाई सोबत आल्या, चुलाण मांडलं, पाणी उकळलं आणि हंड्यानं घोडेरावाच्या माथ्यावर सोडलं. थोड्या वेळानं शेंदराचा सगळा कवचासारखा थर एका बाजूनं सुटून अलगद खाली उतरला. गावानं "चांगभलं" केलं. गुरव म्हणाला, देवानं कात टाकली. आता ही कात वाजतगाजत कृष्णेत सोडायला पाहिजे आणि सगळ्या गावाला जेवण घालायला पाहिजे. कुणी घालायचं? कात ज्यानं काढली त्यानं. बाळासोंच्या पाटीवर आता आमटीभाताचा खर्चही बसला.

पण दगड बघून ते सगळं विसरले. वर चंद्र-सूर्य कोरलेले. मधे अक्षरांच्या ओळी, झिजलेल्या पण स्पष्ट. आणि खाली घोडा! एकदम ठसठशीत.

"कान जरा लांब न्हाईत का?" कृष्णातअण्णा म्हणाले.

"अरबी असणार. शिलाहारांचा समुद्रावरून व्यापार होता."

"आन घोड्याच्या म्होरं खाली कोन पडलंय?"

"शत्रू," बाळासो म्हणाले. "पडलेला शत्रू."

पुरुषमाणसं शत्रूकडं कौतुकानं बघत राहिली. मंगलबाईंनी एकदा वाकून नीट पाहिलं, झटकन सरळ झाल्या आणि पदर तोंडावर घेतला. त्यांच्या मागून दगडाबाईंनी पाहिलं, कारण जवळचं त्यांना अजून चांगलं दिसतं. दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"आवं," मंगलबाई म्हणाल्या, "त्येच्यावर टॉवेल टाका."

"का म्हणून?"

"देवाला ऊन लागंल."

बाळासोंनी टॉवेल टाकला. बाईमाणसाची श्रद्धा म्हणून त्यांना भरूनही आलं. फोटो काढून त्यांनी क्रांतीबाईंना पाठवले होतेच. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. "काका, हा वीरगळ नाहीये! त्याहून वेगळा आहे. फार दुर्मीळ आहे. लेखसुद्धा जवळजवळ पूर्ण वाचता येतोय. फक्त मला तुमच्याशी प्रत्यक्ष बोलायचंय, कारण विषय जरा—"

'दुर्मीळ' या शब्दानंतर बाळासोंनी काही ऐकलंच नाही. "आता नको, पोरी. यात्रेदिवशी, सगळ्या गावासमोर सांग."

"काका, आधी ऐकलंत तर बरं होईल."

"राजघराण्याची गोष्ट आहे. लपवायची कशाला?"

यात्रेला मंडप घातला. एवढा मोठा फ्लेक्स लावला की मागं डोंगर दिसेना. एका बाजूला गरुड (यावेळी पुण्याहून छापून आणला होता, बिनतुऱ्याचा), दुसऱ्या बाजूला बाळासो, मधे घोडेराव. माइक, खुर्च्या, सरपंच, शेजारच्या गावांतले शेलार, धुळाप्पांसह इस्लामपूरचा सगळा घोळका. पालखी देवळातून निघाली होती. लांबून ढोल ऐकू येत होता. ती पोचायच्या आत व्याख्यान आटपायचं, टॉवेल काढायचा आणि मग नारळ कुणाच्या हातात जातो ते गावानं बघायचं. कृष्णातअण्णा कोट-फेटा घालून आले होते, पण फेट्याचा तुरा आज जरा खाली होता. बाळासोंनी त्यांना मुद्दाम दुसऱ्या रांगेत बसवलं.

क्रांतीबाई उठल्या. सुरुवात छान झाली. कऱ्हाड, शिलाहार, भोजराजा. बाळासो प्रत्येक नावाला मान हलवत होते, जणू त्या त्यांच्या घरच्या माणसांची खुशाली विचारत होत्या. मग त्या म्हणाल्या, "पूर्वी राजा एखाद्या देवळाला जमीन दान द्यायचा, तेव्हा असा दगड रोवायचा. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हे दान टिको. मधे दानाचा मजकूर. आणि खाली, हे दान जो मोडेल, ती जमीन जो बळकावेल, त्याच्यासाठी शाप. सगळ्यांना वाचता येत नसे, म्हणून शापाचं चित्र कोरायचे." त्या घुटमळल्या. "अशा दगडाला गधेगळ म्हणतात. तो घोडा नाही. ते गाढव आहे."

मंडपात लांबचा ढोल एकदम जवळ आल्यासारखा वाटला.

"आन त्यो शत्रू?" कुणीतरी विचारलं.

"तो शत्रू नाही," क्रांतीबाई म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

पहिल्यांदा कृष्णातअण्णांना हसू फुटलं. मग ते आवरेना. "धाकट्या पातीचा मूळपुरुष!" एवढंच म्हणायचे आणि मांडीवर थाप मारायचे. त्यांच्या मागून भावकी हसली, भावकीमागून गाव हसलं, आणि इस्लामपूरच्या घोळक्यानं नम्रपणे रुमाल तोंडाला लावले. ज्या गाढवावर आपल्या आजीनं, आईनं, बायकोनं आणि दोन्ही सुनांनी दूध घातलं, ते फ्लेक्सवर आपल्या शेजारी हातभर उंचीचं छापून आपण उभे आहोत, हे बाळासोंच्या हळूहळू लक्षात येत गेलं. सीमेवरसुद्धा माणसाला मागं हटायची ऑर्डर मिळते. मंडपात ती कोण देणार?

"बाई," सरपंचांनी हसू दाबत विचारलं, "पन दान कुणाला दिल्यालं?"

"कोळेश्वराला. देवाच्या दिवाबत्तीसाठी."

"आन जमीन कुठली?"

"तेही दिलंय. अलीकडं हा ओढा, पलीकडं खिंड, खाली नदी आणि वर टेकडीवरचं वडाचं झाड. यामधली सगळी."

वडाचं झाड आता नाही, पण टेकडीला अजून वडाचा माळ म्हणतात. प्रत्येकजण मनात ओढ्यापासून चालत निघाला. कृष्णातअण्णांचं हसू आधी थांबलं, कारण त्यांचा दुमजली बंगला वाटेत लागला. मग सरपंचांचं, मग सोसायटीच्या चेअरमनचं. बघता बघता सगळा मंडप जमीन चालून आला आणि परत जागेवर बसला.

"म्हंजे समदी देवाची?" गुरवाचा चेहरा उजळला.

"तुजं घर बी त्यातच हाय," कृष्णातअण्णा खेकसले. गुरवाचा चेहरा पुन्हा पूर्ववत झाला.

"अहो, घाबरू नका!" क्रांतीबाई हसून म्हणाल्या. "याला आठ-नऊशे वर्षं झाली. मधे कितीतरी राज्यं आली-गेली. सातबारा तुमचाच आहे."

"सातबारा आमचाच, पोरी," सरपंच म्हणाले, "पन शाप? त्यो किती दिवस चालतो?"

"तो... चंद्र-सूर्य आहेत तोवर."

मंडपातल्या माणसांनी एकदम वर बघितलं. चैत्रातलं ऊन रणरणत होतं. सूर्याला काहीच झालेलं दिसत नव्हतं.

"बाई, जरा पुन्हा वाचा की," चेअरमन म्हणाले. "अक्षरं झिजल्यात. घाईत चूक हुती."

"कान तुटलाय बी असंल त्येचा," दुसरा म्हणाला. "तुटायच्या आधी आखूड असंल."

आणि मग कृष्णातअण्णा, ज्यांनी बाळासोंचं एकही वाक्य आजवर खरं मानलं नव्हतं, ते उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गड्या बाळासो, तुजा घोडाच बरा हुता."

तेवढ्यात पालखी आली. ढोल थांबले. गुलालानं माखलेली माणसं दगडापुढं उभी राहिली. गुरवानं ताटात नारळ ठेवला आणि सवयीनं कृष्णातअण्णांपुढं धरला. कृष्णातअण्णांनी हात मागं घेतले.

"छे छे. दगड ज्याच्या बांधावर, मान त्याचा. सुभेदार, या म्होरं."

बाळासोंनी आयुष्यभर या वाक्याची वाट बघितली होती. फौजेत बर्फाळ रात्री ते हेच वाक्य मनात घोळवत झोपत असत. आणि आता ते कानावर पडलं, तेव्हा त्यांनी टॉवेलाखालच्या गाढवाकडं पाहिलं आणि म्हणाले, "असं कसं अण्णा? थोरली पाती असताना धाकट्यानं नारळाला हात लावायचा? पद्धत हाय ती. कुणी मोडायची?"

"आमी तर आज सोडलाच मान."

"आमी घेतल्यालाच न्हाई."

"आवं मंडळी, पालखी खांद्यावर हाय!" भोई ओरडले. ताट थोरल्या पातीकडून धाकट्या पातीकडं, धाकटीकडून सरपंचांकडं, सरपंचांकडून चेअरमनकडं फिरलं. इतका आग्रह कोळेखिंडीनं लग्नाच्या पंगतीतही बघितला नव्हता. ज्या नारळापायी दोन पात्यांत बोलणं बंद झालं होतं, लग्नांची निमंत्रणं गेली नव्हती, मयताला खांदा द्यायला माणसं आली नव्हती, तो नारळ ताटात एकटाच इकडून तिकडं हिंडत होता.

"ए पोरी," मागून आवाज आला. दगडाबाई काठी टेकत पुढं आल्या. त्यांनी क्रांतीबाईंचा हात धरला. "शाप शाप म्हनतीस. त्यो नक्की कुनाला हाय? जिमीन खाणाऱ्याला?"

क्रांतीबाई लाल झाल्या. "आजी, शाप जमीन खाणाऱ्याला आहे. पण शिवी... त्याच्या आईला दिलीय."

"आईला?"

"हो. चित्रात गाढवापुढं पडलेली ती आईच आहे."

दगडाबाईंनी सावकाश मान वळवून कृष्णातअण्णांकडं पाहिलं. मग बाळासोंकडं. मग सगळ्या मंडपाकडं.

"म्हंजे जिमीन ह्या बाप्यांच्या नावावर," त्या म्हणाल्या, "ऊस ह्यांचा, बंगला ह्यांचा, फेटा ह्यांचा, नारळ ह्यांचा. आन गाढव तेवढं आमच्या वाटणीला?"

मंगलबाई उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"काकू, नऊशे वरसं आपन शिव्या खाल्ल्या म्हनायच्या," त्या म्हणाल्या. "मग मान बी आपलाच की."

"तर! आन हिकडं ते ताट."

गुरवानं कृष्णातअण्णांकडं पाहिलं, कृष्णातअण्णांनी बाळासोंकडं. आणि बाळासोंच्या असं लक्षात आलं की आपल्या छातीवरचं काहीतरी उतरलंय आणि ते परत मागायची आपली तयारी नाही. त्यांनी स्वतः जाऊन ताट गुरवाच्या हातातून घेतलं आणि चुलतीपुढं धरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात मानाचा नारळ आला होता, तो असा.

दगडाबाईंनी नारळ उचलला. मंगलबाईंनी त्यांच्या हाताला खालून आधार दिला. थोरल्या पातीचा हात वर आणि धाकट्या पातीचा खाली. पहिला घाव बसला, नारळ तसाच. दुसरा बसला, तसाच. कोट घातलेल्या मंडळींमधून कुणीतरी श्वास आत ओढला आणि कृष्णातअण्णांचा उजवा हात नकळत पुढं आला.

"हात मागं घे रं," दगडाबाई म्हणाल्या. "नऊशे वरसं आमी दम धरला, तुमाला दोन घाव निघंना?"

तिसऱ्या घावाला नारळ फुटला. पाणी दगडावर, टॉवेलावर आणि पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांवर उडालं. बायकांच्या बाजूनं एवढं मोठं "चांगभलं" झालं की ढोलवाल्यांना वाजवायला सुरुवात करायची आठवणच राहिली नाही. सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या निवृत्त सुभेदार बाळासो शेलारांनी. त्यांच्या पाठोपाठ कृष्णातअण्णांनी.

निदान बाळासोंचं म्हणणं तसं आहे. कृष्णातअण्णांच्या मते पहिली टाळी थोरल्या पातीची होती, आणि यावरून दोन्ही पात्या सध्या एकमेकींशी बोलत नाहीत.